तूर्तास आत्याकडे

पेठ,
दि. २२ जून १९७५

ती. सौ. आक्कास,
जयरामचा सप्रेम जयभीम. वि. वि.

मंगळवारी तुझ्या दारातून निघालो तो संध्याकाळी पेठला पोचलो. घाटात झाड आडवं पडलं होतं, म्हणून एस्टी दोन तास जागच्या जागी उभी होती. मी निघालो तेव्हा विशाखा झोपलेली होती हे बरं झालं. जागी असती तर माझा पाय निघाला नसता, आणि कचेरीत आणखी एक बिनपगारी लागली असती.

लताला जाऊन आज तीन महिने आणि चार दिवस झाले. एवढे दिवस शेजारच्या मंगळूची बायको पोरीला बघायची. पण तिची स्वतःची चार लेकरं आहेत आणि भाताची लावणी सुरू झाली की ती बाई दिवसभर चिखलात असणार. मी सकाळी नऊला घर सोडतो, परत यायला सात होतात. सहा वर्षांची पोर कुलपाच्या आत ठेवू की बाहेर, हे मला सुचेना. म्हणून तुझ्याकडे आणली. तू आणि भिकनदाजींनी एका शब्दानं विचारलं नाही, हे मी विसरणार नाही.

आता व्यवस्थेविषयी. ही व्यवस्था फॉर द टाइम बीइंग समजावी. आमच्या कचेरीत हा शब्दप्रयोग फार चालतो. दिवाळीपर्यंत माझी बदली एखाद्या बऱ्या गावी होईल असं साहेब म्हणाले आहेत. बदली झाली की मी तिला लगेच घेऊन जाईन. तोवर तुला त्रास.

तिला नागलीची भाकरी लागते, गव्हाची चपाती ती चघळत बसते. रेल्वेची शिट्टी तिनं कधी ऐकलेली नाही, तेव्हा पहिले काही दिवस दचकेल. केस विंचरताना ती रडते, पण ते खोटं असतं.

दाजींना जयभीम सांग. माझ्यावर माया आहेच, ती पोरीवर जरा जास्त खर्च कर.

तुझा भाऊ,
जयराम

नाशिकरोड,
दि. ६ जुलै १९७५

चि. जयरामास,
आक्काचा आशीर्वाद आणि जयभीम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. चौथीपर्यंत तुला बाराखडी मी शिकवली, आणि आता तू मला इंग्रजी पाठवतोस. ते तुझं फॉर द टाइम बीइंग मी आमच्या हेडमास्तरांना, रंगनाथ सरांना दाखवलं. ते बराच वेळ हसले. म्हणाले की त्यांनाही हेडमास्तरकी अशीच फॉर द टाइम बीइंग मिळाली होती, त्याला नऊ वर्षं झाली आणि पुढच्या साली ते त्याच्यावरच रिटायर होणार आहेत. मग त्यांनी सरळ अर्थ सांगितला: तूर्त, तूर्तास, सध्यापुरतं. म्हटलं, एवढंच होतं तर माझ्या भावाच्या पेनातली मराठी शाई संपली होती की काय.

पोरीला आमच्याच शाळेत पहिलीत घातलं. प्रवेशअर्जावर पालकाचं नाव तुझंच लिहिलं, आणि पत्त्याच्या रकान्यात लिहिलं: तूर्तास आत्याकडे. क्लार्क म्हणाला की असं कुणी लिहीत नाही. मी म्हटलं, जे आहे ते लिहावं.

शेजारच्या लेकरांचं ऐकून ती परवा मला आई म्हणाली. मी तिला जवळ घेऊन सांगितलं की तुझी आई लता होती, मी आत्या. तिनं मान हलवली आणि तेव्हापासून आत्याच म्हणते. शहाणी आहे. मला जरा वाईट वाटलं, पण उद्या तू घेऊन जाशील तेव्हा त्या लेकराची ओढाताण व्हायला नको. तिचे कपडेही मी आमच्या कपाटात लावत नाही. तू दिलेल्या पत्र्याच्या पेटीतच घडी करून ठेवते. ज्या दिवशी येशील त्या दिवशी पेटी उचलायची आणि निघायचं, शोधाशोध नको.

तुझे दाजी प्रेसमधून सुटले की तिला सायकलच्या दांडीवर बसवून स्टेशनच्या पुलावर नेतात. तिथं उभं राहून दोघं गाड्या बघतात. आता ती शिट्टीला दचकत नाही, उलट गाडी उशिरा आली तर दाजींना जाब विचारते. आषाढी पौर्णिमेपासून विहारात वर्षावासाचं वाचन सुरू होईल, तेव्हा तिला रोज बरोबर नेईन.

जेवणाची हयगय करू नकोस. दिवाळीला वाट बघतो.

तुझी,
आक्का

हरसूल,
दि. ३० ऑक्टोबर १९७७

ती. सौ. आक्कास,
जयरामचा सप्रेम जयभीम. वि. वि.

दसऱ्याला येतो असं कळवूनही आलो नाही, तू रागावली असशील. बदली झाली खरी, पण हरसूलला. साहेबांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं की जयराम, फॉर द टाइम बीइंग जा. रोजगार हमीच्या कामांवर हजेरी तपासत पाड्यापाड्यांनी फिरतो, महिन्यातले पंधरा दिवस मुक्काम कुठं असेल ते मलाच ठाऊक नसतं. अशा घरात पोरीला आणून ठेवायची तरी कुठं.

हा शब्द किती टिकाऊ असतो ते मला आता कळायला लागलं आहे. इथल्या ओढ्यावर दोन ओंडके टाकले आहेत, पूल होईपर्यंतची सोय म्हणून. सरकारी काम, सहा महिने थांब असं आपण म्हणतो, पण त्या ओंडक्यांना आता शेवाळ आलं आहे आणि बैलसुद्धा त्यांच्यावरून न बिचकता जातात. माझ्या खुर्चीचा पायही असाच सध्यापुरता दोरीनं बांधला होता. दोरी बदलली, खुर्ची तीच आहे.

उन्हाळ्यात आलो तेव्हा विशाखा तुझ्या पदरामागे उभी राहिली आणि तिथूनच माझ्याकडे बघत होती. तू तिला पुढे ढकललंस, म्हणालीस की आप्पांना जयभीम कर. तिनं केला, पण पाहुण्याला करतात तसा. तुझा दोष नाही, माझाही नसावा. तरी येताना एस्टीत मला ते फार लागलं.

तू दुसऱ्या लग्नाचं लिहितेस. नको. एक माणूस मी नीट सांभाळू शकलो नाही, काविळीत लताला नाशिकला हलवायला चार दिवस उशीर केला. ते माझं मला पुरेसं आहे.

पोरीच्या अक्षराचे कागद पाठवलेस ते डब्यात जपून ठेवले आहेत. इथं दमट फार. तुमची सगळ्यांची आठवण येते, एवढं समजून घे.

तुझा,
जयराम

नाशिकरोड,
दि. ९ सप्टेंबर १९७८

चि. जयरामास,
आक्काचा आशीर्वाद. वि. वि.

तू कालच्या गाडीनं गेलास. तुझ्यासमोर बोलता आलं नाही म्हणून लिहिते आहे. विशाखा आज उठून बसली, भाताची पेज मागून घेतली. एकवीस दिवसांचा टायफॉइड होता, पण आता घोर नाही. तुला तार मिळून तू पोचलास तोवर तिचा वाईट आठवडा होऊन गेला होता. तो मी आणि तुझ्या दाजींनीच काढला.

त्या आठवड्यात एकदा डॉक्टरांनी मला विचारलं की तुम्ही पेशंटच्या कोण. मी आत्या म्हणाले. मग ते म्हणाले की आईवडलांना बोलवून घ्या. एवढंच म्हणाले ते. तीन वर्षं मी जे म्हणत आले तेच म्हणाले होते, तरी त्या दिवशी ते मला खोटं वाटलं.

त्याच दिवशी तापाच्या गुंगीत तिनं आई म्हणून हाक मारली. ती लताला हाक मारत होती की मला, हे मला कळलं नाही. मी ओ दिली. जयराम, मी दोनदा ओ दिली. लता मला क्षमा करेल, ती मनानं मोठी होती.

एकदाच लिहिते. मला ही पोर हवी आहे. तूर्तास नको, कायमची हवी आहे. तू घाटातून उतरून तिला न्यायला येशील, याची मला भीती वाटते. दर दिवाळीला तुझं येत नाही असं पत्र आलं की मी तोंडानं तुला बोल लावते आणि मनात गोडधोड करते. अशी मी वाईट आहे.

पण हे मी तुझ्याकडे मागणार नाही. तू विश्वासानं ठेवलीस. तुझी बायको गेली, आता पोरही मागून घेतली तर तुझ्याजवळ काय उरलं. मला मूल नाही म्हणून आळीतल्या बायकांनी बोलून बोलून तो विषय संपवला आहे, आता वांझेनं भावाची पोर लाटली हा नवा विषय त्यांना द्यायचा नाही. दिलेल्या शब्दाप्रमाणे तू म्हणशील त्या दिवशी तिला पाठवीन.

हे पत्र वाचलंस की फाडून टाक. मला उत्तरही लिहू नकोस. लिहून मन हलकं झालं, तेवढंच त्याचं काम.

तब्येतीला जप.
आक्का

हरसूल,
दि. १७ सप्टेंबर १९७८

ती. सौ. आक्कास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र मिळालं. तू लिहिल्याप्रमाणे केलं. इकडे पाऊस चालू आहे, प्रकृती ठीक. विशाखाला अजून महिनाभर तेलकट देऊ नकोस. दाजींना जयभीम.

जयराम

पिंपळगाव बसवंत,
दि. १८ एप्रिल १९८२

ती. सौ. आक्कास,
जयरामचा सप्रेम जयभीम. वि. वि.

भीमजयंतीला आलो होतो तेव्हा सांगणार होतो, पण हुकूम हातात पडल्याशिवाय तोंड उघडायचं नाही असं ठरवलं होतं. परवा हुकूम आला. मी नोकरीत कायम झालो. बदलीही पिंपळगावला, हायवेच्या गावात. कांद्याच्या बाजाराच्या मागे दोन खोल्यांचं घर मिळालं आहे. दिवसभर टेंपोंची घरघर आणि द्राक्षांच्या पेट्यांचा ठोकाठोक आवाज असतो, पण नळ घरात आहे आणि हायस्कूल दहा मिनिटांवर आहे.

विशाखाची सातवी झाली. तुमची शाळा सातवीपर्यंतच, तेव्हा तिला कुठलं तरी हायस्कूल धरावंच लागणार. ते इथलंच धरावं असं मला वाटतं. इथल्या हेडमास्तरांशी बोललो आहे. शाळेचा दाखला काढून ठेव, जूनच्या पाच तारखेला येतो आणि तिला घेऊन जातो.

सात वर्षं झाली, आक्का. दिवाळीपर्यंत म्हणून ठेवली होती. तुझे उपकार फेडायचं म्हटलं तर हा जन्म पुरणार नाही, म्हणून ते लिहीत नाही. मी चाळिशीला आलो. कचेरीतून आलं की घरात कुणी तरी दिवा लावलेला असावा असं वाटतं. जयंतीच्या मिरवणुकीत पांढऱ्या साडीतल्या मुलींच्या रांगेत ती चालत होती, आणि मी तिला ओळखायच्या आधी शेजारच्या माणसाला विचारलं की ही लताची कोण. मग माझं मलाच कसं तरी झालं. आता तिच्याशिवाय आणखी वर्षं घालवायची माझ्यात ताकद नाही.

तिला सांग, मी तिच्यासाठी खिडकीजवळची जागा ठेवली आहे. उत्तर लवकर लिही, मी पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून आहे.

तुझा,
जयराम

नाशिकरोड,
दि. २७ एप्रिल १९८२

चि. जयरामास,
आक्काचा आशीर्वाद. वि. वि.

कायम झालास हे वाचून फार आनंद झाला. विहारात पेढे वाटले. लता असती तर तिनं आळीभर वाटले असते.

पाच जूनला ये. दाखल्याचा अर्ज दिला आहे. पेटी तयार आहे. दोन पोलकी नवी शिवली, जुन्या पेटीत मावत नाहीत म्हणून वर वेगळं बोचकं होईल. तिला दुधाचा चहा लागतो. गणित कच्चं आहे, मराठीत पहिली आली. महिन्याचे दिवस सुरू झाले आहेत, तेव्हा शेजारची एखादी बरी बाई बघून ठेव, हे तुला सांगायला हवं म्हणून लिहिते.

काल तुझे दाजी एवढंच म्हणाले की आपल्याला इचारायची कायी गरज नाय, पन पोरीला तरी कुनी इचारलं का. मी म्हटलं, बापानं न्यायचं म्हटल्यावर विचारायचं काय. ते सायकल घेऊन बाहेर गेले.

जास्त लिहीत नाही. पेपर तपासायचे आहेत.

आक्का

नाशिकरोड,
दि. २ मे १९८२

ती. आप्पांस,
विशाखाचा सविनय जयभीम. वि. वि.

आत्यानं सांगितलं की तुम्ही मला न्यायला येणार. पत्र लिहायला कुणी सांगितलेलं नाही, मी मनानं लिहिते आहे. मी येते. दाखला मिळाला तर पाच जूनच्या आधी आले तरी चालेल.

तुम्हाला वाटेल की मला इथं काही कमी आहे. तसं नाही. मला कधी कुणी मारलं नाही. शेजारच्या लंकाबाईंची सुशी माझ्याच वर्गात आहे, तिला लाटण्यानं मार मिळतो, शेलके बोल मिळतात, आणि मग तिची आईच तिच्याबरोबर रडत बसते. आत्या मला कधी ओरडत नाही. माझ्या हातून रॉकेलची बाटली फुटली तेव्हा ती म्हणाली की असू दे, आणि स्वतः पुसून घेतलं. पाहुण्यांच्या पोरांना आपण असंच म्हणतो.

माझे कपडे सगळ्यांच्या कपड्यांत नसतात. पेटीत असतात, कडी लावलेली. मी लहान होते तेव्हा सकाळी उठून आधी पेटी बघायची, ती जागेवर असली की आज तरी मला पाठवत नाहीत असं समजायचं. नंतर सवय झाली. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी आत्यानं कपडे मोजून पाहिले आणि यादी केली. राहा असं ती एकदाही म्हणाली नाही. मी दोन दिवस वाट बघितली.

भिकनमामा मला आवडतात. ते काही बोलत नाहीत पण त्यांचं बरं नसतं तेव्हा मला कळतं. त्यांना सोडून यायचं वाईट वाटतं.

आप्पा, आपली ओळख कमी आहे. तुम्हाला चहात साखर किती लागते हेही मला ठाऊक नाही. पण तुम्ही बोलावलंत. इतक्या वर्षांत कुणाला मी हवी आहे असं पहिल्यांदाच वाटलं. मी स्वयंपाक करीन, तुमच्यावर भार होणार नाही.

मोठ्यांना लिहिताना शेवटी काय लिहितात ते आठवत नाही, चूकभूल पोटात घाला.

विशाखा जयराम

पिंपळगाव बसवंत,
दि. ९ मे १९८२

चि. विशाखास,
आप्पाचा आशीर्वाद आणि जयभीम. वि. वि.

तुझं पत्र बुधवारी आलं. वाचून आधी मला आनंद झाला, हे लिहायला लाज वाटते पण खरं आहे. तू स्वतः होऊन येतेस म्हणालीस. मी कचेरीतून येताना गूळ-शेंगदाणे आणले आणि एकटाच खात बसलो. मग तेच पत्र पुन्हा वाचलं आणि उरलेले पुडीत बांधून ठेवले.

तू आत्याविषयी जे लिहिलंस ते चूक आहे, आणि ते चूक आहे हे जगात दोनच माणसांना ठाऊक आहे. त्यातला एक मी. तू चुकीच्या समजुतीनं माझ्याकडे येणार आणि मी गप्प बसून तुला घेणार, असं मला करता आलं असतं. चार दिवस मी तोच विचार करत होतो.

या पत्रासोबत एक जुनं पत्र ठेवलं आहे. तू टायफॉइडमधून उठलीस तेव्हा आत्यानं मला लिहिलेलं. फाडून टाक म्हणाली होती. मी फाडलं म्हणून तिला कळवलं आणि फाडलं नाही. का ठेवलं ते सांगता येत नाही. आणि त्याच्यावर चार वर्षं एक अक्षर बोललो नाही, कारण बोललो तर तू गेलीस, एवढं मला कळत होतं. ते तू वाच, मग पुढचं.

पेटीचं असं आहे. तुला सहा वर्षांची तिथं ठेवली तेव्हा मी लिहिलं होतं की ही व्यवस्था फॉर द टाइम बीइंग. कचेरीत आम्ही हे शब्द दोन वेळी वापरतो. पुढं काय होणार ते खरंच ठाऊक नसतं तेव्हा, आणि ठाऊक असतं पण सांगायची हिंमत नसते तेव्हा. माझं दुसरं होतं. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं की मी तुला सांभाळू शकत नाही. तुझा चेहरा लताचा. सकाळी तू उठून समोर आलीस की मला ते चार दिवस आठवायचे, जेव्हा मी तिला दवाखान्यात न्यायला हवं होतं. मला तुझ्याकडे बघवत नव्हतं, पोरी. हे मराठीत लिहिलं असतं तर आक्कानं विचारलं असतं की किती दिवस, आणि का. इंग्रजीत लिहिलं की कुणी विचारत नाही.

माझी बहीण मात्र शब्दाला जागणारी. मी भित्रेपणानं लिहिलेलं तिनं सात वर्षं खरं करून दाखवलं. तू माझी, आणि मी कधीही येईन, म्हणून तिनं तुला आई म्हणू दिलं नाही, ओरडली नाही, कपडे कपाटात लावले नाहीत. दुसऱ्याचं सोनं जसं कुणी अंगावर घालत नाही, तसं. तिला तू नको होतीस म्हणून नव्हे. त्या पत्रात काय आहे ते तू वाचलंस.

आता मी तुला हवा असेन तर ये. खिडकीजवळची जागा आहेच. आत्याकडे राहायचं असेल तर राहा, मी रागावणार नाही. वाईट वाटेल, ते वाटू दे, माझं आहे. भिकनदाजी बरोबर बोलले, तुला कुणी विचारलंच नव्हतं. मी विचारतो आहे.

चहात साखर दोन चमचे.

तुझा,
आप्पा

नाशिकरोड,
दि. १६ मे १९८२

ती. आप्पांस,
विशाखाचा जयभीम. वि. वि.

तुमचं पाकीट गुरुवारी आलं. आत्या शाळेत होती. मी दोन्ही पत्रं वाचली, मग आत्याचं पुन्हा वाचलं, आणि ती आली तेव्हा ते तिच्यासमोर ठेवलं. तिनं आपलं अक्षर ओळखलं आणि खाली बसली. आधी तुमच्यावर चिडली. म्हणाली की जयरामला लहानपणापासून कागद फाडवत नाही, पतंगाचासुद्धा. मग माझ्यावर चिडली की मोठ्यांची पत्रं वाचतात का. मामा आले, त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि स्वतःच चहा ठेवला, त्यात साखर टाकायला विसरले.

चहा पिताना आत्यानं मला विचारलं, राहशील का. एवढंच. तिचा आवाज असा होता की मला ओळखू आला नाही. मी म्हटलं, उद्या सांगते. मला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं आणि एकदम दोघांनी विचारलं, म्हटलं जरा विचार करू देत. मामा मोठ्यानं हसले. म्हणाले, लय भारी, पोरगी कुनावर गेली ते कळतंय. आत्या मात्र हसली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिनं एकही पेपर तपासला नाही आणि भाकरी दोनदा करपवली. मग मला तिची दया आली.

आप्पा, मी इथंच राहते. नाशिकरोडच्या हायस्कूलचा फॉर्म काल आणला. आत्यानं पालकाच्या जागी सही केली आणि तुमच्या सहीसाठी खाली जागा सोडली, दोघांच्या सह्या चालतात का ते क्लार्कला विचारून आली. आता ती मला ओरडते. सुशी म्हणते की मला सवय नाही म्हणून ते गमतीचं वाटतं, पुढे वाटणार नाही.

तुम्हाला वाईट वाटेल म्हणालात. वाटणारच, मलाही वाटतं. आईविषयी तुम्ही लिहिलंत ते मला कुणी सांगितलं नव्हतं. माझा चेहरा तिच्यासारखा आहे हे आत्या सांगते, पण त्यामुळे तुम्हाला त्रास होतो हे मला ठाऊक नव्हतं. पुढच्या वेळी आलात की माझ्याकडे नीट बघा. मी बदलले आहे, आणि बघून बघून सवय होईल.

खरं सांगू का. तुम्ही ते पत्र पाठवलं नसतंत तर मी पिंपळगावला आले असते. तुमचा स्वयंपाक केला असता, पहिल्या नंबरानं पास झाले असते, आणि तुम्ही कसे आहात हे मला कधीच कळलं नसतं. तुम्ही मला जाऊ दिलंत म्हणून आता तुमच्याकडे यावंसं वाटतं. सुट्टी अजून महिनाभर आहे. पाच जूनची वाट बघू नका, येत्या रविवारी या आणि मला पंधरा दिवस घेऊन जा.

तुमची मुलगी,
विशाखा